हळू, बाई, हळू!

गेल्या वर्षी याच विभागात माझा एक लेख येणार होता. विषय मीच सुचवला होता: ‘एका महिन्यात गिटार शिका’. बरं झालं तो आला नाही. ज्या महिन्यात तो लिहायचा होता, त्याच महिन्यात माझा उजवा हात गळ्यात बांधलेला होता आणि कारण होतं गिटारच! त्यामुळे यंदाचा लेख महिनाभरात काही शिकवण्याचा दावा करत नाही. रोज पंचवीस मिनिटं काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, एवढंच सांगते.

आधी एक कबुली. माझी शाळा कॉन्व्हेंट. दहावीला मराठी ‘लोअर लेव्हल’ होतं. ‘अंगठा’ आणि ‘अनामिका’ हे शब्द मला येतात, पण ‘करंगळी’च्या शेजारच्या बोटाला अनामिका म्हणतात की मध्यमा, हे कालच रूममेटला विचारून पक्कं केलं. तेव्हा सांभाळून घ्या.

तर क्लासिकल गिटार. हॉस्टेलमध्ये गॅदरिंगच्या दिवसांत ज्या पाच-सहा गिटारी बाहेर निघतात त्या बहुतेक स्टीलच्या तारांच्या, प्लेक्ट्रमने वाजवायच्या. माझी नायलॉनच्या तारांची, नुसत्या बोटांनी वाजवायची. दिसायला बहिणी-बहिणी, पण स्वभाव निराळा. तारा जिथून सुरू होतात त्या टोकाला, म्हणजे नटजवळ, क्लासिकलची रुंदी सुमारे ५२ मिमी असते, स्टीलवालीची साधारण ४३. दोन तारांमधली ही जादा जागा उजव्या हाताच्या बोटांसाठी ठेवलेली असते. तारांचा एकूण ताण नायलॉनला ४० किलोच्या आसपास, स्टीलला ७० किलो आणि वर. म्हणून एक कळकळीची विनंती : तार तुटली म्हणून क्लासिकलवर स्टीलची तार चढवू नका. ब्रिज (सतारीच्या भाषेत घोडी) उखडून हातात येतो. आमच्या मजल्यावर एकीचा आला आहे.

नायलॉन तसं नवं. त्याआधी आतड्याच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या मिळेनाशा झाल्या, आणि १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा तयार केल्या. त्यांच्या मागे उभा होता स्पेनचा आंद्रेस सेगोविया (१८९३–१९८७), ज्याने ही गिटार मोठमोठ्या कॉन्सर्ट हॉलमध्ये नेली. आणि माझ्या दुखापतीची गोष्टसुद्धा याच सेगोवियापासून सुरू होते.

झालं असं. सेगोवियाने १९५३ मध्ये मेजर-मायनर स्केल्सचं एक छोटं पुस्तक काढलं. जगभरचे क्लासिकलवाले ते वापरतात. त्याच्या प्रस्तावनेत त्याने म्हटलंय की रोज दोन तास स्केल्स करा, हाताच्या चुकीच्या सवयी सुटतील, बोटांत ताकद येईल. मी एस.ई.ला होते. पी.एल. लागली होती. दिवसभर एम-थ्री करून डोकं फिरलं की रात्री गिटार घ्यायची. दोन तास म्हणजे दोन तास! मधे न थांबता, मेट्रोनोम जमेल तेवढा वर ढकलत. तिसऱ्या दिवसापासून मनगटाच्या आतल्या बाजूला ठणका लागला. मला वाटलं, जिमला गेल्यावर दुखतं तसं असेल, म्हणजे प्रगतीच! नवव्या दिवशी चहाचा कप उचलवेना.

एम-थ्रीचा पेपर त्यानंतर चार दिवसांनी होता. लाप्लासचं पहिलं गणित नीट लिहिलं. दुसऱ्या प्रश्नाला पेन सुटायला लागला. दीड तासाने मी डाव्या हाताने उजवं मनगट धरून बसले होते आणि सुपरवायझर विचारत होते, “बरं वाटत नाही का?” येत असलेला पेपर कोरा देऊन उठणं काय असतं हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी टेंडनला सूज आहे म्हणून सांगितलं आणि तीन आठवडे हात बांधला. एम-थ्री बॅक राहिला. आई फोनवर रागावली नाही, फक्त म्हणाली, “ती गिटार बाबांबरोबर घरी पाठवून दे.” रागावली असती तर बरं झालं असतं.

हात सुटल्यावर मी कॅम्पातल्या माझ्या सरांकडे गेले. सर मूळचे मडगावचे, सत्तरी ओलांडलेले, मराठी-कोंकणी-इंग्लिश एकाच वाक्यात बोलतात. त्यांनी मला एक स्केल वाजवायला सांगितली. सात-आठ स्वर झाले असतील. “हळू, बाई, हळू! तू वाजवत नाहीस, तारांशी भांडतेस.” मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि सरळ केलं. मी ते जवळजवळ काटकोनात वाकवून वाजवत होते.

इथे आपलं इंजिनिअरिंग कामाला येतं. बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखालच्या भागात असतात. तिथून टेंडन म्हणजे दोऱ्या निघतात आणि मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून बोटांकडे जातात. या कार्पल टनेलमधून बोटं वाकवणाऱ्या ९ दोऱ्या आणि एक मुख्य नस जाते. आता एफ.ई.चं मेकॅनिक्स आठवा. पुलीवर गुंडाळलेल्या पट्ट्याच्या दोन बाजूंच्या ताणाचं गुणोत्तर e चा μθ वा घात असतं. θ म्हणजे पट्टा पुलीला किती कोनातून वळसा घालतो ते. मनगट सरळ असेल तर θ जवळजवळ शून्य. काटकोनात वाकवलं की दोऱ्या बोगद्याच्या कडेवरून वळून जातात आणि घासतात. शरीरातल्या दोऱ्यांना वंगण असतं, त्यामुळे μ अगदी थोडा, हे खरं. पण मी एका रात्रीत किती हजार वेळा बोट ओढत होते याचा हिशोब करा. सेकंदाला चार स्वर धरले तरी दोन तासांचे २८,८०० होतात. सेगोवियाचा काहीच दोष नव्हता. त्याचे दोन तास वाकड्या मनगटाचे नव्हते आणि ते एका बैठकीचे आहेत हे त्याने कुठे म्हटलं होतं?

म्हणून बसण्यापासून सुरुवात. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसायचं. डावा पाय सुमारे पंधरा सेंटिमीटर उंच ठेवायचा. बाजारात त्यासाठी फूटस्टूल मिळतं. मी आधी थेराजाचं जाड पुस्तक ठेवलं होतं, उंची अगदी बरोबर होती, पण रूममेटने त्याला सक्त विरोध केला (पुस्तकाला पाय लागतो म्हणून. वर तिला त्याच पुस्तकातून अभ्यास करायचा होता). आता दोन विटा एकावर एक, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. गिटारची कंबर डाव्या मांडीवर, मागची बाजू छातीला हलकी टेकलेली, आणि तारांचं डोकं साधारण आपल्या डोक्याच्या उंचीला. आता उजवा हात शरीराच्या बाजूला सैल सोडा. बोटं आपोआप थोडी वळतात, मनगट सरळ राहतं. तोच आकार तसाच उचलून गिटारवर ठेवायचा. दर पाच मिनिटांनी हात खाली सोडून हा आकार पुन्हा ‘रिसेट’ करायचा. हा व्यायाम वाटत नाही, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच.

आता डावा हात. पहिला व्यायाम ताकद वाढवायचा नाही, कमी करायचा आहे. तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटच्या अगदी मागे पहिलं बोट नुसतं टेकवा, दाबू नका. तार छेडा. ठप्प असा मेलेला आवाज येईल. आता अगदी थोडं दाबून पुन्हा छेडा. पुन्हा थोडं. आधी ठप्प, मग खरखर, मग एका क्षणी स्वच्छ स्वर. तिथेच थांबा! तेवढाच दाब लागतो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा लाजच वाटली, कारण मी रोज त्याच्या कितीतरी पट दाबत होते. बोट फ्रेटला जेवढं चिकटून तेवढा दाब कमी लागतो. दोन फ्रेटच्या मधोमध ठेवलं की जास्त. मग अंगठा नेकवरून पूर्ण काढून चार-पाच स्वर वाजवून बघा. वाजले, तर अंगठ्याने पकडीसारखं दाबायची गरज नाही हे सिद्ध झालं. नाही वाजले, तर तुम्ही हाताच्या वजनाऐवजी चिमटीच्या जोरावर वाजवताय.

हे जमलं की १-२-३-४. डाव्या हाताची बोटं तर्जनीपासून १ ते ४ अशी मोजतात. एका तारेवर लागोपाठच्या चार फ्रेटवर चार बोटं, मग पुढची तार, असं सहाव्यापासून पहिल्या तारेपर्यंत आणि परत. नवी मुलं हे पहिल्या फ्रेटपासून सुरू करतात आणि करंगळी ताणून ताणून रडकुंडीला येतात. गणित करून बघा. क्लासिकल गिटारची तार सहसा ६५० मिमी असते. प्रत्येक फ्रेटला उरलेली लांबी २ च्या बाराव्या मुळाने, म्हणजे १.०५९५ ने भागली जाते. म्हणून पहिला फ्रेट नटपासून ३६.५ मिमीवर, पण पाचव्या आणि सहाव्या फ्रेटमधलं अंतर फक्त २७.३ मिमी. पहिल्या ते चौथ्या फ्रेटचा पसारा सुमारे ९८ मिमी, पाचव्या ते आठव्याचा ७७. म्हणजे व्यायाम पाचव्या फ्रेटवर सुरू केला तर पंजाला दोन सेंटिमीटर कमी ताणावं लागतं. दोन आठवड्यांनी चौथ्यावर, मग तिसऱ्यावर या. हात लहान आहेत म्हणून गिटार सोडणाऱ्या मुली मी पाहिल्यात. त्यांना कुणी हे सांगितलं असतं तर!

दोन गोष्टींकडे लक्ष. एक, वर जाताना आधीची बोटं उचलायची नाहीत, चारही बसेपर्यंत जागेवर ठेवायची. दोन, बोट उचलायचं म्हणजे झेंड्यासारखं उभं करायचं नाही. दाब फक्त सोडायचा, बोट तारेच्या वर अर्ध्या सेंटिमीटरवर तरंगत राहू द्यायचं. करंगळी नेहमी पळून जाते, तिच्यावर डोळा ठेवा. चार बोटांचे क्रम होतात ४! म्हणजे २४. १-२-३-४, १-२-४-३, १-३-२-४ वगैरे. सगळे एका दिवशी करू नका. दिवसाला एक क्रम, चोवीस दिवसांत एक फेरी. मी वहीत चोवीस चौकोन केलेत आणि रोज एकावर काट मारते, जर्नलवर सही घेतल्यासारखं समाधान मिळतं. ३-४ शेजारी आले की त्रास होतो आणि तो सगळ्यांना होतो. कारण तळहात टेबलावर उपडा ठेवून कळेल : मधलं बोट आत दुमडा आणि बाकीची टेकलेली ठेवून एकेक उचलून बघा. अनामिका उठतच नाही! बोटं वर उचलणाऱ्या दोऱ्या पंजाच्या मागे एकमेकींना आडव्या धाग्यांनी जोडलेल्या आहेत. बिचारी अनामिका दोन्ही बाजूंनी बांधलेली.

संगीतकार शुमान तरुणपणी पियानोसाठी बोटांना वळण लावायला एक यंत्र वापरत असे. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याचा उजवा हात बिघडला आणि वादक व्हायचं राहून गेलं. दोष यंत्राचाच का, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. मी तरी जोर लावून बोट ‘सुटं’ करायच्या भानगडीत पडत नाही. अनामिकेला वेगळं करता येत नाही, तिला फक्त वेळेवर यायला शिकवता येतं.

उजव्या हाताची बोटं स्पॅनिश नावांच्या पहिल्या अक्षरांनी लिहितात : पी अंगठा, आय तर्जनी, एम मधलं, ए अनामिका. करंगळी सहसा वापरत नाहीत. छेडण्याच्या पद्धती दोन. तार छेडून बोट शेजारच्या तारेवर टेकतं ती अपोयांदो, हवेतच तळहाताकडे जातं ती तिरांदो. अपोयांदोचा स्वर भरीव असतो. सुरुवात मोकळ्या तारेवर आय-एम-आय-एम अशी. मेट्रोनोम ६० वर, ठोक्याला एक स्वर. तेच बोट लागोपाठ दोनदा येता कामा नये, चालताना उजवा पाय दोनदा टाकत नाही तसं. सोपं वाटतं ना? आता प्रत्येक तारेवर तीनच स्वर घेऊन पुढच्या तारेवर जा. एकदा आयवरून एमवर जाताना हात सहज जाईल, पुढच्या वेळी एमवरून आयवर जाताना अडखळेल. कारण वरच्या स्वराच्या तारेकडे जाताना एम आपसूक पुढे असतो, आयला त्याला ओलांडून जावं लागतं. स्केल अडकते ती बहुतेक वेळा अशा ओलांडण्याच्या जागी, आणि आपण उगीच डाव्या हाताला दोष देतो. ती एक जागा शोधून फक्त आधीचे दोन आणि नंतरचे दोन स्वर दहा वेळा वाजवा. अख्खी स्केल दहा वेळा वाजवण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

आणि आता माझा आवडता माणूस, माउरो जुलियानी (१७८१–१८२९). इटलीतून व्हिएन्नाला गेलेला. १८१२ मध्ये त्याने ओपस १ म्हणून गिटारच्या अभ्यासाचं पुस्तक काढलं, त्यात उजव्या हाताचे १२० व्यायाम आहेत. सगळे फक्त दोन कॉर्ड्सवर, सी आणि जी-सेव्हन. डावा हात त्याने जवळजवळ बांधूनच टाकला! पहिल्यांदा मला हे भयंकर कंटाळवाणं वाटलं. मग लॅबमध्ये एकदा जाणवलं की हा माणूस प्रयोग करतोय. एक व्हेरिएबल बदलायचा, बाकी सगळे स्थिर. डाव्या हाताला काही काम नसेल तर गडबड झाली की ती उजव्याचीच.

१२० बघून घाबरू नका. अंगठा पहिला धरून चार बोटांचे क्रम सहाच होतात : पी-आय-एम-ए, पी-आय-ए-एम, पी-एम-आय-ए, पी-एम-ए-आय, पी-ए-आय-एम, पी-ए-एम-आय. हे सहा सी कॉर्डवर चार वेळा, जी-सेव्हनवर चार वेळा. रोज दोन क्रम, तीन दिवसांत फेरी पूर्ण. ऐकायचं एकच, की चारही स्वर सारख्या वजनाचे येतायत का. डोळे मिटून रूममेटला विचारा, कुठलं बोट कमी पडतंय? ती बिनचूक सांगते, “तिसरा आवाज मेलाय.” तो ए असतो. फर्नांदो सोरसारखा दिग्गजसुद्धा १८३० मधल्या आपल्या मेथडमध्ये अनामिका अशक्त म्हणून शक्यतो टाळा असंच सांगतो. आज टाळून चालत नाही, पण आपण एकटेच नाही हे वाचून बरं वाटतं.

सोरवरून नखांचा विषय निघाला. सोर नखांशिवाय वाजवायचा, त्याचा मित्र आग्वादो नखांनी. दोघांचं हाडवैर असावं असं वाटेल, तर सोरने दोघांसाठी एक युगुलवादन लिहून आग्वादोला अर्पण केलं, ‘दोन मित्र’ अशा अर्थाच्या नावाचं! आज बहुतेक वादक उजव्या हाताची नखं ठेवतात. बोटाच्या टोकाबाहेर एक-दोन मिलिमीटर पुरतात. डाव्या हाताची पूर्ण कापायची. वर्कशॉपमध्ये फिटिंगच्या जॉबवर आपण कानस मारायला शिकलो, ते कौशल्य इथे वापरा, पण अर्थात ती कानस नव्हे. साध्या नेल फाइलने आकार द्यायचा आणि शेवटी हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या बारीक पॉलिश पेपरने (१००० नंबरच्या वरचा) कड गुळगुळीत करायची. कड खरबरीत असेल तर तार सुद्धा खरखरते. मुलांनो, मेसमध्ये कुणी हसलं तर हसू द्या.

स्लर थोडक्यात. डाव्या हाताच्या बोटाने तारेवर ठोकून वरचा स्वर काढायचा, किंवा बोट काढून खालचा. ठोकताना जोर नाही, वेग लागतो. काढताना बोट सरळ वर उचललं तर आवाज येत नाही, ते तळहाताकडे किंचित ओढत काढायचं. आणि खाली थांबलेलं बोट पक्कं हवं. रोज दोन मिनिटं, बास. हा व्यायाम हात सगळ्यात लवकर थकवतो, म्हणून मी तो शेवटी ठेवत नाही.

आता वेगाबद्दल, कारण सगळ्यांना तोच हवा असतो. मेट्रोनोमचा काटा रोज चार-चारने वर न्यायचा हा आमच्या हॉस्टेलमधला सर्वमान्य मार्ग. मीही तेच केलं होतं. त्यात अडचण अशी की सावकाश वाजवताना आपण जी हालचाल करतो ती बऱ्याचदा मोठी, ऐसपैस असते. तीच वाढवत नेली की एका आकड्यावर हात आखडतो आणि मग आपण दात-ओठ खाऊन पुढे जातो. अमेरिकन वादक स्कॉट टेनंटच्या १९९५ च्या ‘पंपिंग नायलॉन’ पुस्तकामुळे छोट्या झटक्यांची पद्धत बरीच लोकांपर्यंत पोचली. मी ती अशी करते : मेट्रोनोम ६०. तीन ठोके एकेक स्वर, चौथ्या ठोक्यात चार स्वर भरकन, पुढच्या ठोक्यावर एका स्वरावर उतरायचं आणि थांबायचं. थांबल्यावर तपासायचं. खांदा वर गेला का? जबडा आवळला का? उजवा अंगठा ताठ झाला का? सगळं सैल होईपर्यंत पुढचा झटका नाही. चार स्वर नीट जमले की आठ. इतक्या कमी वेळात हात आखडायला सवडच मिळत नाही.

ट्रेमोलोबद्दल दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, ‘ते तारेगाचं अल्हाम्ब्रावालं शिकव ना’. ट्रेमोलो म्हणजे वरच्या सहा क्रमांपैकी शेवटचा, पी-ए-एम-आय, फक्त ए-एम-आय तिघंही एकाच तारेवर. अर्पेजिओ सारखा येत नसेल तर ट्रेमोलो घोड्याच्या लंगड्या टापांसारखा येतो. त्याआधी कार्कासीच्या ओपस ६० मधल्या २५ अभ्यासांपैकी सातवा करा. त्याच जातीचा आहे आणि ऐकायलाही छान आहे.

आई-बाबांशी शेवटी तह झाला तो असा : दिवसाला पंचवीस मिनिटं, मोबाइलवर टायमर लावून, आणि दुखलं तर त्याच क्षणी बंद. त्यात माझी वाटणी साधारण अशी. तीन मिनिटं बसणं आणि कमी दाबाचा व्यायाम. पाच मिनिटं जुलियानी. चार मिनिटं डाव्या हाताचा त्या दिवसाचा क्रम, दोन स्लर, तीन आय-एम आणि झटके. मग उरलेली आठ मिनिटं खरं संगीत, एखाद्या तुकड्यातल्या अडणाऱ्या दोन ओळी. बारा-तेरा मिनिटांनी एकदा उठून हात झटकायचे आणि पाणी प्यायचं. सबमिशनच्या आठवड्यात फक्त पहिली आठ मिनिटं करते. थकवा आणि दुखणं यातला फरक ओळखा. थकवा कोपराखालच्या मांसल भागात, पसरलेला असतो आणि थांबलं की दोन मिनिटांत जातो. मनगटात किंवा सांध्यात एका ठिकाणी टोचणारं, बोटांना मुंग्या आणणारं, सकाळी उठल्यावरही असणारं ते दुखणं. ते सहन करायचं नसतं, डॉक्टरांना दाखवायचं असतं, तिसऱ्या दिवशीच. मी नवव्या दिवसापर्यंत थांबले.

रात्रीच्या सरावासाठी एक युक्ती. ब्रिजजवळ तारांच्या खालून घडी केलेला रुमाल सरकवायचा. आवाज इतका कमी होतो की शेजारच्या खोलीत जात नाही, रेक्टर मॅडमही येत नाहीत, आणि स्वर पटकन मरत असल्यामुळे ताल चुकला की लगेच कळतो.

एम-थ्री मेमध्ये निघाला. गिटार घरी गेली नाही. जुलियानीच्या १२० पैकी मी सध्या ४१ वर आहे आणि ३८ वा मला अजूनही नीट येत नाही. शनिवारी सरांना तो वाजवून दाखवला तर ते फक्त खिडकीबाहेर बघत राहिले, म्हणजे पुढच्या शनिवारी पुन्हा तोच. ज्यांना सोबत करायचं असेल त्यांनी रविवारी सकाळी दहा वाजता ड्रॉइंग हॉलच्या मागच्या कट्ट्यावर यावं. गिटार ज्याची त्याने आणावी. विटा माझ्याकडे दोन जादा आहेत.